राजारामपुरीतला रविवारचा चित्रं बघायचा क्लास : चिनी कलाकारांची बॅच

कोल्हापुरात राजारामपुरीत एका घराच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी हा क्लास चालतो, चित्रं काढायचा नाही हं, बघायचा आणि बघून बोलायचा. मी आजच्या चिनी कलाकारांवरची बॅच केली, ४ रविवार, फी ८०० रुपये, पूर्ण वसूल.

पहिल्याच दिवशी सोंग डोंगचं ‘वेस्ट नॉट’. २००२ मध्ये त्याचे वडील गेले, आई पार खचली आणि घरातलं काहीच टाकेना, मग यानं आईलाच सोबत घेऊन ते सगळं घर प्रदर्शनात मांडलं, २००५ ला बीजिंगमध्ये, २००९ ला न्यूयॉर्कला. १०,००० च्या वर वस्तू, टंचाईच्या दिवसांत साठवलेल्या साबणाच्या वड्या, पेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, सगळं ओळीनं. मला २०१९ चा पूर आठवला. पाणी उतरल्यावर आमच्या आईनं चिखलातनं काढलेले डबे घासून गच्चीवर असेच मांडलेले, डबे एकीकडं, झाकणं एकीकडं, एकही टाकू दिला नाही. तेव्हा मी तिच्यावर चिडले होते.

दुसऱ्या रविवारी आय वेईवेई. २०१० ला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या, सगळ्या चिनी मातीच्या, जिंगडेझेन शहरातल्या साधारण १,६०० कारागिरांनी एकेक करून हातानं रंगवलेल्या. सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर खरी बी ठेवली आणि रेघा मोजायला लावल्या. आमच्यातला एकजण गंगावेशीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो, त्यानं ती बी लई वेळ फिरवून बघितली आणि विचारलं, नाव एकट्याचंच का लागलं मग? त्यावर पाऊण तास चर्चा झाली, मला तरी त्याचंच बरोबर वाटतं.

साओ फेईचा बल्बच्या कारखान्यातला व्हिडिओ (२००६) पण दाखवला, मशीनींच्या मधोमध कामगार आपापल्या स्वप्नातल्यासारखे नाचतात, शिरोलीत फाउंड्रीत जाणारे दोघं एकदम गप्प झालेले.

तक्रार एकच पण मोठी. प्रोजेक्टर फिका आणि खिडक्यांना पडदे नाहीत. झांग शियाओगांगच्या फॅमिली फोटोसारख्या करड्या चित्रांत माणसांना जोडणारी बारीक लाल रेघ असते, ती भिंतीवर दिसलीच नाही, मी घरी येऊन मोबाईलवर शोधली. अहो सर, चित्रं बघायचाच क्लास आहे, पडदे तेवढे लावाच. आणि जिना उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी सोबत कुणाला तरी न्या.

शेवटच्या रविवारी आईला हाताला धरून नेलं. सरांनी तिच्यासाठी पहिल्या दिवशीच्या स्लाइड्स परत लावल्या. आईनं झाकणांच्या फोटोवर बराच वेळ थांबायला लावलं, मग म्हणाली, “पोराचं नाव सांगितलासा, ह्या बाईचं काय?”

झाओ शियांगयुआन, सर म्हणाले. आईनं ते दोनदा म्हणून बघितलं.