ग्रुप टूर की आपलं आपण? माणसं भेटायची असतील तर

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ओळखीत हा प्रश्न निघतोच. परदेशी जायचं तर टूरबरोबर की आपलं आपण? आम्ही दोन्ही केलंय. युरोप टूरबरोबर, जपान स्वतः आखून. दोन्ही वेळी आई, बायको, मुलगी आणि मी. खर्चाचं आणि व्हिसाचं सगळे सांगतात, ते सोडतो. मला बोलायचंय ते वाटेत अचानक भेटणाऱ्या मायाळू अनोळखी माणसांबद्दल, कारण घरी आल्यावर आमच्या गप्पा त्यांच्याच असतात.

आधी टूरच्या बाजूचं. आईच्या जेवणाची काळजी टूरमध्ये नव्हती, रोज वरणभात होता. जपानात साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क निघतो. तिचे दोन दिवस नुसत्या भातावर आणि दह्यावर गेले. शिवाय टूरमध्ये माणसं जोडली जात नाहीत असं नाही. बसमधलं इचलकरंजीचं जोडपं आजही आमच्याकडं येऊन-जाऊन असतं. आणि जवळ येणारा प्रत्येक जण भला नसतो. पॅरिसला मोंमार्त्रच्या पायऱ्यांपाशी मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे असतात. मॅनेजरनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही सावध होतो.

पण स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न गावातली ती पंधरा मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. रॉइस नदीवर तिथं चौदाव्या शतकातला, छप्पर असलेला लाकडी चॅपल ब्रिज आहे. छपराखाली तिकोनी चित्रं. मुलगी मान वर करून ती बघत होती, तेवढ्यात एक आजी शेजारी थांबल्या. ऑगस्ट १९९३ मध्ये रात्री हा पूल पेटला, त्यात बरीचशी चित्रं गेली, काठावर उभं राहून आम्ही बघत होतो, असं त्या इंग्रजीत सावकाश सांगत होत्या. जळून काळी पडलेली एक फळी त्यांनी तिला बोटानं दाखवली. “आणि सकाळी आम्ही...” एवढं म्हणाल्या आणि माझा फोन वाजला. “दादा, सगळे बसमध्ये बसलेत, तुमच्यासाठीच थांबलोय.”

मॅनेजरचं काही चुकलं नव्हतं, चाळीस माणसं ताटकळली होती. आजींना हात जोडले आणि आम्ही पळालो. मुलगी बसमध्ये विचारत राहिली, “सकाळी काय, बाबा?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे सगळे दिवस कुणी बोलायला आलं की माझी नजर आधी घड्याळाकडं जायची.

जपानात हे एकदाही झालं नाही. क्योटोत गल्ली चुकलो, तर एक गृहस्थ सायकलवरून उतरले आणि सायकल हातात धरून हॉटेलच्या दारापर्यंत आले. भवानी मंडपाचा रस्ता विचारणाऱ्याला “चला, दाखवतो” म्हणत आपला माणूस निघतो ना, अगदी तसं. नारा शहरात आई गुडघ्यांमुळं बाकावर बसली होती. तिथली हरणं खाऊसाठी अंगाशी येतात, एकानं तिच्या हातातला नकाशाच ओढला. शेजारच्या बाईंनी आपले दोन्ही तळवे हरणासमोर उघडून दाखवले, काही नाही म्हणून, आणि आईलाही तसं करायला लावलं. हरीण खरंच निघून गेलं. मग त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, आईनं शेंगदाण्याची चिक्की दिली. त्या जपानीत, आई मराठीत. पाऊण तास दोघी बोलत होत्या आणि आम्हाला कुठंच पोचायचं नव्हतं.

मोबाईलवर वाटा शोधताना वैताग येतो, बॅगा स्वतः ओढाव्या लागतात, हे खरं. घरातली सगळी पहिल्यांदाच बाहेर निघाली असतील आणि वडीलधाऱ्यांना फार चालवत नसेल, तर टूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त बुक करताना मोकळ्या दुपारी किती आहेत ते विचारा. एखादा तरी विमानप्रवास झाला असेल, तर मला वाटतं आपलं आपण जावं, गावं कमी घ्यावीत आणि एका ठिकाणी निदान तीन रात्री राहावं.

आम्ही पुढच्या वर्षी ल्युसर्नला चार रात्री राहतोय. मुलीला तो पूल परत बघायचाय.