सबमिशन ग्राइंडर: फुकट, आणि तरीही भरवशाचं

इंग्रजीत कथा-कविता लिहून मासिकांना पाठवणाऱ्यांसाठी २०१३पासून चालू असलेली सबमिशन ग्राइंडर ही साइट देणग्यांवर चालते. कुठलं मासिक काय घेतं ते इथे शोधता येतं, आणि आपण काय पाठवलं, काय उत्तर आलं याच्या नोंदी लेखक इथे करतात. डुओट्रोप या अशाच, पण पैसे घेणाऱ्या साइटची वर्गणी परवडत नसेल तर आधी इथेच खातं उघडा. छापील मार्गदर्शिका बाजारात येईपर्यंत कितीतरी पत्ते शिळे होतात. इथली माहिती बरीच ताजी असते.

शोधताना प्रकार, शब्दसंख्या आणि किमान मानधन भरा. पुनर्मुद्रण किंवा एकच कथा एकाच वेळी अनेकांकडे पाठवायची असेल, तर तेही निवडा. मासिकाच्या पानावरचा उत्तराच्या दिवसांचा आलेख मात्र नीट वाचा. सरासरीवर जाऊ नका, मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघा. वर्षभर रखडलेली दोन उत्तरंही सरासरी फुगवतात. स्वीकृतीची टक्केवारी तर खऱ्यापेक्षा जास्तच दिसते, कारण नकार नोंदवायला लोक कंटाळतात. नोंदी दहा-बाराच असतील तर आकडे सोडूनच द्या.

पाठवण्याआधी मासिकाची स्वतःची नियमावली उघडाच. साहित्य स्वीकारण्याची खिडकी कधीकधी ठरलेली संख्या भरली की मुदतीआधीच बंद होते. मानधन स्वीकृतीनंतर की छापल्यावर, तेही तिथेच कळतं.