बंदराकडची लॅब, ४ स्टार (पाचवा उशिरा आलेल्या रिपोर्टसाठी कापला)

भाऊ बोटीवर जातो. श्रावणात मलेरिया झालेला, तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, ताप उतरला, मग पुढच्या १४ दिवसांच्या गोळ्यांपैकी दोनच घेतल्या आणि बाकीची पुडी डब्यात. दिवाळीनंतर परत एक दिवसाआड तीच हुडहुडी, दोन गोधड्या घेऊनपण दात वाजतायत, म्हणून रत्नागिरीत या छोट्या लॅबमध्ये नेला.

बोटाला टोचून रक्त घेतलं, काचेवर एक जाड एक पातळ असं पसरवलं आणि पाऊण तासात तोंडी सांगितलं, व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचाच एक प्रकार. भाऊ म्हणाला परत डास चावला असणार, तर मॅडम म्हणाल्या चावलाच पाहिजे असं नाही, याचे काही जंतू लिव्हरच्या पेशीत महिनोन्महिने झोपून राहतात, क्लोरोक्विन (त्या तीन दिवसांच्या गोळ्या) त्यांना शिवतपण नाही, त्यासाठीच ते प्रायमाक्विनचे १४ दिवस. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं (कोण दाखवतं हो एवढं?). एक लाल पेशी बाकीच्यांपेक्षा फुगलेली, आत वेडावाकडा निळसर जंतू आणि बारीक तपकिरी कण. याला कोवळ्या पेशीच लागतात, शहाळ्यासारख्या. पेशीला टेकतो, टोकाची बाजू तिच्याकडे वळवतो आणि मिनिटभरात आत, जाताना तिचंच आवरण स्वतःभोवती ओढून घेतो आणि त्या पिशवीत बसून हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरतं ते हीम (हिमोग्लोबिनमधला लोहवाला भाग) त्याला विषारी, म्हणून त्याचे खडे करून ठेवतो, तेच ते तपकिरी कण. क्लोरोक्विन हे खडे होऊ देत नाही, मग तो स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. शरीराला कळत कसं नाही विचारलं तर म्हणाल्या लाल पेशीत केंद्रकच नसतं, आत कोण शिरलंय ही खूण बाहेर लावणं तिला फारसं जमत नाही. म्हणजे आमच्या वाडीतली मुंबईकरांची बंद घरं, मागच्या पडवीत कोण राहतंय कोणाला पत्ता! ४८ तासांनी पेशी फोडून पिल्लावळ बाहेर पडते, तेव्हा ती थंडी.

आता तक्रार. प्रायमाक्विनने काहींच्या लाल पेशी फुटतात म्हणून आधी जी६पीडी टेस्ट (लाल पेशींना जपणारं एन्झाइम पुरेसं आहे का ते बघणारी) करायला सांगितली, ती बाहेर पाठवतात, उद्या देतो म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी मिळाली, तीपण मी स्वतः जाऊन आणली कारण फोन कोणी उचलत नाही. बसायला एकच बाकडं, तापाचा माणूस उभा. सकाळी लवकर जा.

आज प्रायमाक्विनचा नववा दिवस, या वेळी गोळ्या आई मोजते.