धातू उकळत्या पाण्यात तापवायचा की कोरडा? विशिष्ट उष्मा काढताना मला काय पटलं

दहावीला उष्णतेचा धडा आला की मिश्रण पद्धत (तापलेला धातू थंड पाण्यात टाकायचा आणि पाणी किती तापलं त्यावरून धातूचा विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम एक अंशानं तापवायला लागणाऱ्या कॅलरी, काढायचा) येतेच, आणि प्रयोग करून दाखवायचा म्हटलं की शिक्षकांची सगळी चर्चा भांड्यावर जाते. तांब्याचा कॅलरीमापी घ्यावा की एकात एक घातलेले दोन कागदी कप चालतील, झाकण कशाचं करावं, बाजूनं लोकर भरावी का कापूस. मीही बरीच वर्षं त्यातच अडकलो होतो, पण आता मला वाटतं की भांडं हा दुय्यम प्रश्न आहे. साठ ग्रॅमचा तांब्याचा कॅलरीमापी म्हणजे उष्णतेच्या हिशेबात जेमतेम साडेपाच ग्रॅम पाणी, ते गणितात धरलं की विषय संपला. खरं ठरवायचं असतं ते त्याच्या आधी, धातू तापवायचा कसा ते.

रस्ते दोन आहेत. एक म्हणजे दोऱ्याला बांधून धातू सरळ उकळत्या पाण्यात सोडायचा आणि उचलून कॅलरीमापीत टाकायचा. दुसरा म्हणजे मोठ्या टेस्टट्यूबमध्ये धातूचे तुकडे भरायचे, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, ती ट्यूब उकळत्या पाण्यात उभी धरायची आणि तापले की तुकडे ओतायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये हिप्सोमीटर असतो तो या दुसऱ्याचाच थोरला भाऊ, वाफ बाहेरून फिरते आणि धातूला शिवत नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी खुशाल तो वापरावा, मी बोलतोय ते साध्या शाळेतल्या सामानाबद्दल.

पहिल्या पद्धतीचे फायदे मान्यच आहेत. पाच मिनिटांत धातू पाण्याच्या तापमानाला येतो, पाण्यातला थर्मामीटर दाखवेल तेच धातूचं तापमान, त्यात शंका नाही. पस्तीस मिनिटांच्या पिरियडमध्ये बसतं. फक्त १०० अंश गृहीत धरू नका एवढंच. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी साधारण ९७.५ ला उकळतं, सांगली खाली आहे तिथं ९८ च्या आसपास, आणि महाबळेश्वरच्या शाळेत कुणी हा प्रयोग केला तर ९५-९६ च मिळणार. थर्मामीटर वाचायचा आणि जे येईल ते लिहायचं.

कोरड्या पद्धतीला वेळ जातो. वीस-पंचवीस मिनिटं सहज, कारण तुकड्यांच्या मधे हवा असते आणि हवा उष्णता लवकर पोचवत नाही. एवढं करून ट्यूबच्या मधे खुपसलेला थर्मामीटर बाहेरच्या पाण्यापेक्षा एक-दोन अंश कमीच दाखवतो. शिवाय धातू बारीक तुकड्यांत हवा, अख्खा गोळा असेल तर काचेच्या ट्यूबचा बूड फुटायची भीती. म्हणजे वरवर बघितलं तर पहिली पद्धतच सोपी आणि नेमकी वाटते आणि मी ती सहा-सात वर्षं बिनधास्त वापरली.

मग एका वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तीन मुलांनी लोखंडाचा विशिष्ट उष्मा काढायला घेतला. दुकानातून आणलेले दोन इंची खिळे, १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत घालून उकळत्या पाण्यात. उत्तर आलं ०.१३. परत केलं, ०.१४. परत केलं, ०.१४. पुस्तकात आहे ०.११. तीनदा जवळजवळ तेच उत्तर आल्यामुळं मुलांना वाटलं की आपलंच बरोबर, हे खिळेच वेगळ्या लोखंडाचे असतील. मला ते पटेना, कारण १८१९ मध्ये ड्यूलाँ आणि पेटी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की घन मूलद्रव्याचा अणुभार गुणिले विशिष्ट उष्मा कॅलरीत सहाच्या आसपास येतो, आणि खिळा म्हणजे जवळपास सगळं लोखंडच. लोखंडाचे ५५.८ गुणिले ०.११ म्हणजे ६.१, बरोबर बसतं. ०.१४ नं गुणलं तर पावणेआठ होतात. आम्ही थर्मामीटर बदलला, ढवळणी बदलली, झाकणाला दुहेरी पुठ्ठा लावला. तरी तेच.

शेवटी त्यातल्या एका मुलीनं, बाकीचे आवराआवर करत असताना, कॅलरीमापी आतल्या पाण्यासकट आणि खिळ्यांसकट पिशवी काढून काट्यावर ठेवला. ५८ चा कॅलरीमापी, १२० पाणी, १०० खिळे, २७८ यायला हवेत. काट्यावर २८१. ती म्हणाली, "सर, तीन ग्रॅम कुठनं आलं?" मी काट्याकडं बघतच राहिलो. खिळ्यांच्या सांदीसांदीतून उकळतं पाणी आलेलं, पिशवीनं आणलेलं, आणि ते आम्ही प्रत्येक वेळी तेवढंच आणत होतो म्हणून उत्तरही प्रत्येक वेळी तेवढंच चुकत होतं.

आता हे तीन ग्रॅम म्हणजे काय ते बघा. पाण्याचा विशिष्ट उष्मा १, लोखंडाचा ०.११. म्हणजे १०० ग्रॅम लोखंड हे उष्णतेच्या हिशेबात फक्त अकरा ग्रॅम पाण्याएवढं, आणि त्यात आपण तीन ग्रॅम खरंखुरं उकळतं पाणी फुकट घातलं. अकराचे चौदा झाले. ०.१४ चं कोडं तिथंच सुटलं.

यावर लगेच कुणी म्हणेल की खिळे कशाला घेतले, एकसंध गोळा घ्या आणि झटकून टाका. तेही करून बघितलं. एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून पितळेचा १०० ग्रॅमचा तुकडा कापून आणला, छान गुळगुळीत. थंड पाण्यात बुडवून काढला आणि वजन केलं तर अर्धा ग्रॅमच्या आसपास पाणी चिकटून येतं, दोऱ्याच्या गाठीतलं धरून. पितळेच्या बाबतीत अर्धा ग्रॅम म्हणजे पाच-साडेपाच टक्के. बरं, पुसून टाकावं तर पुसेपर्यंत धातू निवतो आणि फडकं उष्णता घेऊन जातं ते वेगळंच. झटकून हवेत एक-दोन सेकंद जरी धरला तरी वरचं पाणी वाफ होऊन उडायला लागतं, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. तो पितळेचा तुकडा ९७ वरून ३१ पर्यंत निवताना सगळ्या मिळून सहाशेच कॅलरी देतो. म्हणजे नुसत्या दशांश ग्रॅम पाण्याची वाफ झाली आणि तिची उष्णता धातूकडून गेली, तर नऊ टक्के उत्तर खाली आलं. चिकटलेलं पाणी उत्तर वर ढकलतं, उडालेलं पाणी खाली ओढतं, आणि मुलाचा हात किती चपळ त्यावर दोन्हीचं प्रमाण ठरतं. माझं मन या पद्धतीवरून उडालं ते इथंच. चूक असायला माझी हरकत नाही, पण ती कुठल्या बाजूला आहे हे तरी कळायला पाहिजे.

कोरड्या पद्धतीत चुका नाहीत असं मी म्हणत नाही. ट्यूबमधलं तापमान ९६ धरलं आणि खरं ९५ असलं तर फरक पडतो दीड टक्का. ओतताना हवेत थोडी उष्णता जाते. पण या सगळ्या चुका लहान आहेत आणि त्यांची दिशा आधी सांगता येते. तेच खिळे, तोच कॅलरीमापी, तोच थर्मामीटर घेऊन आम्ही कोरडं केलं तेव्हा ०.१०५ आणि ०.११ आलं. रेन्यो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात कितीतरी पदार्थांचे विशिष्ट उष्मे याच मिश्रण पद्धतीनं मोजले, तेही वाफेच्या वेष्टनात पदार्थ कोरडा तापवूनच. त्याचं कारण मला त्या दिवशी काट्यावर दिसलं.

तरी तुमचा धातू कोणता ते बघून ठरवा. ॲल्युमिनियम असेल आणि एकसंध तुकडा असेल तर सरळ पाण्यात तापवा, त्याचा विशिष्ट उष्मा ०.२१५, अर्धा ग्रॅम पाण्यानं दोन-अडीच टक्क्यांच्या वर काही बिघडत नाही, आणि वेळ वाचतो ते वेगळंच. तांबं, पितळ, लोखंड यांना मी कोरडंच म्हणेन. शिशाला तर दुसरा पर्यायच नाही. शिसं ०.०३१, म्हणजे १०० ग्रॅम शिसं तीन ग्रॅम पाण्याएवढं, तिथं अर्धा ग्रॅम आलं की सोळा टक्के गेले. (शिशाच्या गोळ्या मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या बाजारात मिळतात, फक्त हाताळल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला लावा, विसरू नका.)

ज्यांना पाण्यात तापवण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे पिरियड एकच आहे किंवा मोठी ट्यूब नाही, त्यांनी एवढं करावं की शेवटी सगळ्याचं एकत्र वजन घ्यावं आणि जास्तीचं पाणी गरम पाणी म्हणून गणितात धरावं. वाफेचं मात्र त्यातून कळत नाही. आणि या वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा खिळ्यांना चालेल, गोळ्याला नाही.

दोन्ही पद्धतींना लागू असलेली एक गोष्ट, कॅलरीमापीतलं पाणी खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड घ्या. उन्हाळ्यात माठातलं पाणी आणि नळाचं पाणी मिसळून ते सहज जमतं. मग निम्मा वेळ पाणी बाहेरून उष्णता घेतं आणि निम्मा वेळ देतं, बरंचसं फिटतं. रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाची ही जुनी युक्ती आहे आणि ती लोकरीच्या वेष्टनापेक्षा मला जास्त उपयोगी पडली आहे.

कोरड्या पद्धतीत वेळेचा प्रश्न मी असा सोडवला की तासाच्या आधीच्या सुट्टीत शिपाईमामांना सांगून बर्नर लावून ठेवतो, चार गटांच्या चार ट्यूब एकाच पातेल्यात उभ्या. मुलं वर्गात येईपर्यंत ट्यूब तापलेल्या असतात. ओतायच्या आधी ट्यूबची बाहेरची बाजू फडक्यानं एकदा पुसायची, नाहीतर तिच्यावरून ओघळलेला थेंब कॅलरीमापीतच जातो आणि पुन्हा तेच दुखणं. आणि एकदा वापरलेले खिळे दुसऱ्या वर्गासाठी तसेच ट्यूबमध्ये भरू नका. आम्ही ते वर्तमानपत्रावर पसरून व्हरांड्यात उन्हाला ठेवतो, दुसऱ्या दिवशी कागदावर ओला डाग उमटला नाही तरच भरतो.