सांबा शेअर, आठ महिन्यांनंतर: फाइल उघडते पण सेव्ह होत नाही

जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर लिनक्स टाकून सांबाने (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून दाखवणारं सॉफ्टवेअर) घरातल्या सगळ्यांसाठी एक शेअर्ड फोल्डर केला, त्याला आता आठ महिने झाले. स्पीड वगैरे मस्त आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते फक्त राइट परमिशनने, म्हणजे फाइलमध्ये लिहायच्या परवानगीने.

पहिल्याच दिवशी विंडोजवरून फोल्डर दिसला, फाइल्स उघडल्या, पण नवीन फाइल टाकायला गेलो की ॲक्सेस डिनाइड. मग सगळे करतात तेच केलं, फोल्डरला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. काही फरक नाही! कारण इथे कुलपं दोन असतात, एक सांबाचं शेअरवरचं आणि एक लिनक्सचं फोल्डरवरचं, आणि दोन्ही उघडी असल्याशिवाय आत लिहिता येत नाही. सांबात रीड ओन्ली (फक्त वाचा, लिहू नका) ही सेटिंग बाय डीफॉल्ट यसच असते, म्हणजे कॉन्फिगमध्ये तुम्ही स्वतः नो लिहीत नाही तोवर ७७७ द्या नाहीतर काहीही द्या, ढिम्म हलत नाही. टेस्टपार्म ही सांबाचं कॉन्फिग तपासणारी कमांड (डीफॉल्टही दिसावेत म्हणून डॅश व्ही लावून) आधी चालवली असती तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. (ते ७७७ नंतर काढलं, लाज वाटली.)

खरी गंमत पुढे. महिनाभर सगळं नीट चाललं आणि एक दिवस ताई म्हणाली, "अरे काल तर या एक्सेल शीटमध्ये लिहिलं होतं, आज रीड ओन्ली का दाखवतंय?" सर्व्हरवर जाऊन लिस्टिंग बघितलं तर फाइल माझ्या नावावर आणि ग्रुपला फक्त आर (वाचणं), डब्ल्यू (लिहिणं) गायब. म्हणजे झालं असं की एक्सेल सेव्ह करताना आधी टेम्पररी फाइल बनवतं आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव देतं, त्यामुळे जो शेवटी सेव्ह करेल त्याच्या मालकीची फाइल होते, आणि नवीन फाइलला सांबाचा डीफॉल्ट क्रिएट मास्क (नव्या फाइलला जास्तीत जास्त किती परवानगी ते ठरवणारा आकडा) लागतो ०७४४, त्यात ग्रुपला लिहायची सोयच नाही. मी रात्री शीट सेव्ह केली आणि नकळत ताईला बाहेर काढलं.

इलाज सोपा निघाला. आम्हा सगळ्यांचा एक ग्रुप केला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करून त्याला २७७५ दिलं (पुढच्या २ मुळे आतल्या नवीन फाइल्सना तोच ग्रुप लागतो), क्रिएट मास्क ०६६४, डिरेक्टरी मास्क २७७५, सांबा रीस्टार्ट. जुन्या फाइल्सना मात्र हे आपोआप लागत नाही, त्यांची परमिशन एकदा हाताने बदलावी लागली.

तरी ताईकडे चालेना! तिच्या विंडोजने जुनंच लॉगिन धरून ठेवलं होतं. नव्या युजरने जोडायला गेलो तर एरर १२१९, एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही म्हणे. विंडोजमध्ये जुनी कनेक्शन तोडणारी नेट यूज स्टार स्लॅश डिलीट ही कमांड मारली, पुन्हा लॉगिन केलं, झालं.

त्यानंतर सात महिने तक्रार नव्हती, मागच्या आठवड्यापर्यंत. मी थेट सर्व्हरवर बसून माझ्या होम फोल्डरमधले फोटो एमव्हीने (लिनक्सची मूव्ह कमांड) शेअरमध्ये हलवले आणि ताईला पुन्हा डिलीट-रीनेम होतं पण एडिट होत नाही. मूव्ह केलेली फाइल आपली जुनी परमिशन आणि जुना ग्रुप घेऊनच येते, कॉपी केली असती तर नवीन फाइल म्हणून फोल्डरचा ग्रुप तरी लागला असता. आणि डिलीट का चालतं, तर लिनक्समध्ये ते फाइलवर नाही, फोल्डरवरच्या परमिशनवर ठरतं. ताईला हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे मी फोटो उडवू शकते पण क्रॉप नाही करू शकत?" हो, अगदी तसंच.