सनद असलेल्या वकिलालाच विकलेला ‘कामाचा अनुभव’

इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे तेथील एका प्रकारचे वकील, होऊ इच्छिणाऱ्या, विशेषतः भारतीय एलएल.बी. आणि वकिलीची सनद हाती असलेल्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. पुण्यातील एका सल्लागार संस्थेने माझ्याकडून साडेतीन लाख रुपये घेऊन जे विकले, त्यातील अर्ध्याची मला गरज नव्हती आणि उरलेले कोणालाच विकता येत नाही.

परदेशी वकिलांसाठी असलेल्या क्यूएलटीएस या जुन्या परीक्षेच्या जागी १ सप्टेंबर २०२१ पासून सर्वांना एकच एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची पात्रता परीक्षा, लागू झाली. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात, तर दुसऱ्यात लेखी व तोंडी मिळून १६ कसोट्या. याखेरीज नुसत्या पदवीधराला दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव, म्हणजे क्यूडब्ल्यूई, दाखवावा लागतो. मात्र जो आपल्या देशात आधीच रीतसर वकील आहे, त्याला ही अट नाही. माझे नाव बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या पटावर आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. तरीही ‘भारतीय सनद तिथे चालत नाही’ असे ठामपणे सांगून त्यांनी मला लंडनमधील फर्मच्या दूरस्थ अनुभवाचे ‘पॅकेज’ घ्यायला लावले.

सोबत ‘एसआरए-मान्य’ शिकवणी होती. एसआरए, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी ही तेथील नियामक संस्था, अशा वर्गांना मान्यता देत नाही आणि परीक्षेला बसण्यासाठी वर्ग लावण्याची सक्तीही नाही. मिळालेल्या टिपणांत बराचसा भाग जुन्या परीक्षेचा होता, पण ती माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत निरुपद्रवी गोष्ट.

खरा धोका अनुभवाच्या प्रमाणपत्रात होता. महिनोन्‌महिने एकही काम न देता अचानक एका सॉलिसिटरच्या सहीचे, संपूर्ण दोन वर्षांचे पत्र ईमेलने आले. एसआरएच्या संकेतस्थळावरील सॉलिसिटरांच्या नोंदवहीत, जी कोणालाही विनामूल्य पाहता येते, ते नावच नव्हते. शिवाय अनुभवाची नोंद उमेदवाराने एसआरएच्या ऑनलाइन खात्यात करायची असते आणि तिला तेथील सॉलिसिटरने किंवा फर्मच्या अनुपालन अधिकाऱ्याने दुजोरा द्यायचा असतो. नुसत्या पत्राला तिथे काही किंमत नाही. असे खोटे पत्र सादर केले असते, तर सॉलिसिटर म्हणून नाव दाखल होण्यापूर्वी होणाऱ्या चारित्र्याच्या तपासणीत अप्रामाणिकपणाचा ठपका त्या संस्थेवर नव्हे, माझ्यावर आला असता. पैसे परत मागितल्यावर संस्थेने ‘सेवा पूर्ण झाली’ असे उत्तर दिले, आणि पुरावा म्हणून तेच पत्र पुढे केले!

पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून तक्रार अर्ज तेवढा ठेवून घेतला. त्यामुळे मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. ज्यांनी अशाच संस्थेला पैसे दिले असतील, त्यांनी पावत्या, जाहिरातीची छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपवरील आश्वासने जपून ठेवावीत आणि दोन वर्षांच्या मुदतीत दाद मागावी. प्रमाणपत्र हाती आले असेल, तर ते कोठेही सादर न करता तक्रारीलाच जोडावे.