पायलट स्पोर्ट ४ की ४एस? आधी जुना टायर बघून घ्या

मिशेलिनच्या या दोन टायरांच्या नावात फरक एका अक्षराचा. त्यामुळे ४एस म्हणजे ४ ची सुधारलेली आवृत्ती, असा बहुतेकांचा समज होतो आणि तिथेच निवड चुकते. पायलट स्पोर्ट ४ आला २०१६ मध्ये, पायलट स्पोर्ट ३ च्या जागी. ४एस आला २०१७ मध्ये, पण पायलट सुपर स्पोर्टच्या जागी. म्हणजे घराणं एक असलं तरी शाखा दोन आहेत: ४ रोजच्या वेगवान गाडीसाठी, ४एस ताकदवान स्पोर्ट्स गाड्यांसाठी.

पुष्कळदा हा प्रश्न तुमची रिमच सोडवून टाकते. ४ प्रामुख्याने १७ आणि १८ इंचांत मिळतो, ४एसचा भर १९ इंच आणि त्यापुढच्या मापांवर आहे. खरी ओढाताण होते ती १८ इंचवाल्यांची, कारण त्यांच्या मापात दोन्ही सापडू शकतात.

दोन्ही उन्हाळी टायर आहेत. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की यांचं रबर कडक होत जातं आणि बर्फावर तर दोन्ही निरुपयोगी. नक्षी दोघांचीही असमान, म्हणजे बाहेरची बाजू वेगळी आणि आतली वेगळी. ४एसमध्ये मात्र नक्षीबरोबर रबरही बदलतं. बाहेरच्या भागात कोरड्या रस्त्यावर वळण घेताना पकड देणारं मिश्रण, आतल्या भागात ओल्या रस्त्यासाठी सिलिका असलेलं. जोरात वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेवर येतं. ४एससाठी जे जास्तीचे पैसे मोजता, त्यांचा बराच भाग त्या काही इंचांच्या पट्ट्यासाठी असतो.

म्हणून माझा आग्रह असतो की दुकानात जाण्याआधी पुढच्या चाकाचा जुना टायर नीट बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अख्खा टायर समोर येतो. मधली नक्षी शाबूत, पण बाहेरचा खांदा गोल झिजलेला, हवा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) दोन्ही बरोबर, असं असेल तर तुम्ही गाडी खरोखर वळणांवर पळवता. बेलाशक ४एस घ्या, तो तुमच्या हाताखाली सार्थकी लागेल. झीज सारखी असेल तर ४ पुरेसा आहे, आणि तुमच्या वापरात ४एसची ती बाहेरची कड बहुतेक वेळ नुसती फिरत राहील. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा कमी राहते आहे, फक्त मध्य झिजला असेल तर जास्त.

एकदा तळहातही फिरवून बघा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. अशा गाडीला कुठलाही नवा टायर घातला तरी तो तसाच खाल्ला जाणार. आधी अलाइनमेंट करून घ्या. ४एसऐवजी ४ घेऊन वाचलेल्या फरकाच्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

आरामाबद्दल थोडक्यात सांगतो. माप बदललं नाही तर टायरच्या भिंतीची, म्हणजे धक्के झेलणाऱ्या बाजूच्या रबराची, उंचीही बदलत नाही, त्यामुळे केवळ ४एस घेऊन खड्डे मऊ होणार नाहीत.

खरेदी करताना टायरच्या भिंतीवरच्या खुणा वाचा. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा. नाव ४एसच, पण त्या त्या कंपनीसाठी जुळवून घेतलेला टायर साध्या ४एसपेक्षा वेगळा असू शकतो. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळ्या खुणा नकोत, आणि एकीकडे ४, दुसरीकडे ४एस हे तर अजिबात नको. भारांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्या: ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरपर्यंत, वाय ३०० पर्यंत.

४ घेत असाल तर आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये पायलट स्पोर्ट ५ त्याच्या जागी आला, त्यामुळे सवलतीत दिसणारा ४ बराच काळ गोदामात पडून राहिलेला असू शकतो. डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे शोधा. १४२१ असेल तर २०२१ चा चौदावा आठवडा. चारही टायरांवरचे आकडे वाचा, आणि ते चाकावर चढवण्याआधीच वाचा.